कपाळावरचा आकडा

२९ सप्टेंबर २०१७ ची सकाळ. बाहेर पाऊस, जिन्यावर खोळंबलेली माणसं, आणि एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर काही मिनिटांत झालेली चेंगराचेंगरी. २३ माणसं गेली. मृतदेह जवळच्याच केईएम रुग्णालयात आले आणि तिथल्या न्यायवैद्यक विभागाने प्रत्येकाच्या कपाळावर एक आकडा लिहिला. त्याच आकड्यांनिशी चेहऱ्यांचे फोटो नातेवाइकांना दाखवले. ते फोटो बाहेर फिरले आणि शहर संतापलं. मेलेल्या माणसाची ही विटंबना आहे, असं लोक म्हणाले. डॉक्टरांचं म्हणणं वेगळं होतं. आकडा नसता तर प्रत्येक घरच्या माणसाला एकेक चादर उचलून सगळे देह पाहत फिरावं लागलं असतं. आकड्यामुळे ओळख लवकर पटली, गोंधळ टळला.

मला दोघांचंही पटतं. आकडा कपाळावर नको होता, मनगटावर बांधता आला असता. पण आकडा हवा होता, यात शंका नाही. खटकतं ते निराळंच. तो आकडा शवागाराच्या दारात जन्माला आला. तो कॅज्युअल्टीच्या दारात, आणि जमलं तर पुलाच्या पायथ्याशीच, माणूस जिवंत की मेलेला हा निवाडा होण्याआधी अंगावर चढायला हवा होता. मोठ्या दुर्घटनेत रुग्णांचा माग कसा ठेवायचा यावर गेल्या चाळीसेक वर्षांत जगभर पुष्कळ लिहून झालं आहे, यंत्रं आली आहेत, कायदे झाले आहेत. ते सगळं चाळताना मी दोनच गोष्टी शोधत गेलो: पहिला आकडा कुणी दिला, आणि तो शेवटपर्यंत टिकला का.

चादरीची झोळी

११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांत ११ मिनिटांत ७ स्फोट झाले. माटुंगा-माहीमपासून थेट मीरा रोड-भाईंदरपर्यंत. दोनशेच्या आसपास माणसं मेली, सातशेहून अधिक जखमी झाली. रुळांलगतच्या वस्त्यांतले लोक घरातल्या चादरी घेऊन धावले आणि त्या चादरींची झोळी करून जखमींना बाहेर काढलं. रिक्षा, टॅक्सी, टेम्पो, जे हाताला लागेल त्यातून माणसं हलवली. कुणी सायनला, कुणी केईएमला, कुणी कूपरला, कुणी वांद्र्याच्या भाभात, कुणी बोरिवलीच्या भगवतीत, कुणी खासगी रुग्णालयात. माणुसकी म्हणून त्या संध्याकाळला तोड नाही. पण कोणाला कुठे नेलं हे लिहून ठेवायला कोणी नव्हतं. मोबाइल लागत नव्हते. घरची मंडळी एका रुग्णालयाबाहेर लावलेल्या यादीवरून बोट फिरवायची, नाव नाही म्हटल्यावर पुढचं रुग्णालय गाठायची, आणि सगळी रुग्णालयं संपली की पाय शवागाराकडे वळायचे. वाहिन्यांच्या पडद्यावर तळाशी नावांची पट्टी सरकत होती. शहराची एकत्र यादी म्हणावी अशी तीच.

हे फक्त आपल्याकडचं, असं समजायचं कारण नाही. २० मार्च १९९५ रोजी टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरीन वायू सोडला गेला, तेव्हा साडेपाच हजारांच्या आसपास माणसं दवाखान्यांत पोहोचली. त्यांतली रुग्णवाहिकेतून गेलेली सातशेसुद्धा नव्हती. एकट्या सेंट ल्यूक्स रुग्णालयात त्या दिवशी ६४० जण आले, बहुतेक आपल्या पायांनी, टॅक्सीने किंवा कुणाच्या तरी मोटारीत बसून. ऑक्टोबर २०१७ मध्ये लास वेगासला संगीताच्या कार्यक्रमावर गोळीबार झाला, तेव्हाही सनराइज रुग्णालयात दोनशेच्या आसपास जखमी आले आणि त्यांतले बरेचसे लोकांच्या खासगी गाड्यांतून उतरले. इतकी शिस्तबद्ध शहरं, तरी हे असं. म्हणून ‘रुग्णवाहिकेतला माणूस घटनास्थळीच मनगटाला पट्टी बांधेल’ या गृहीतावर उभी केलेली कुठलीही योजना निम्म्याहून अधिक माणसांसाठी पहिल्याच पायरीवर कोसळते. पट्टी बांधणारा घटनास्थळी हवाच, पण खरा मोर्चा लावायचा तो कॅज्युअल्टीच्या दाराशी.

त्या दारातून आधी येतात ते चालू शकणारे. खरचटलेले, भेदरलेले, कानात दडे बसलेले. गंभीर माणसं मागून येतात, तोवर खाटा आणि केसपेपर दोन्ही संपलेले असतात. माद्रिदला ११ मार्च २००४ रोजी लोकलगाड्यांत स्फोट झाले, तेव्हा सर्वांत जवळच्या ग्रेगोरिओ मारान्योन रुग्णालयात ३१२ जखमी आले. दाखल करावे लागले ते ९१. उरलेले मलमपट्टी करून गेले. या ‘गेलेल्यां’चीच नोंद बहुतेक ठिकाणी राहून जाते. आत येताना नाव लिहिलं जातं, बाहेर जाताना कोणी विचारत नाही. मग रात्री अकराला धापा टाकत आलेल्या भावाला सांगितलं जातं, ‘नाव तर आहे इथे, पण वॉर्डात सापडत नाही.’ त्या एका वाक्याने त्याची काय अवस्था होत असेल ते सांगायला नको.

रंग म्हणजे ओळख नव्हे

जखमींची निवड करण्याची पद्धत जुनी आहे. नेपोलियनच्या सैन्यातला शल्यचिकित्सक लारे याच्यापर्यंत तिचं मूळ नेतात. आज आपण जे लाल, पिवळं, हिरवं, काळं म्हणतो त्याची सर्वांत रूढ रीत १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या न्यूपोर्ट बीचच्या अग्निशमन दलाने आणि तिथल्या होग रुग्णालयाने मिळून बसवली. चालू शकतो तो हिरवा. मग श्वास, नाडी, शुद्ध पाहून बाकीचे रंग. अर्ध्या-एक मिनिटात निवाडा. साधी, शिकवायला सोपी, म्हणून ती जगभर पसरली.

पण रंग सांगतो तो माणूस या क्षणी किती गंभीर आहे ते. तो कोण आहे हे रंग सांगत नाही, आणि अर्ध्या तासाने रंग बदलू शकतो. पोटात रक्तस्राव होत असलेला हिरवा माणूस बघता बघता लाल होतो. म्हणून निवड पुन्हा पुन्हा करावी लागते, आणि पुन्हा तपासायचा तर तो माणूस सापडायला हवा. जखमींना अडकवायच्या जुन्या कार्डांना तळाशी रंगीत पट्ट्या असत. हव्या त्या रंगापर्यंत फाडायच्या. फाडलेली पट्टी परत चिकटत नाही, म्हणजे माणसाची तब्येत कागदावर फक्त बिघडूच शकते! कार्ड शर्टाच्या गुंडीला अडकवलं तर आणखी पंचाईत. कॅज्युअल्टीत पहिलं काम कपडे कात्रीने कापण्याचं. शर्टाबरोबर कार्डही बादलीत जातं. मनगट, नाहीतर घोटा, एवढ्या दोनच जागा भरवशाच्या. कपड्यांची, चपलांची, अंगठीची पिशवीही त्याच आकड्याची हवी, कारण वाजणारा फोन त्या पिशवीत असतो.

‘अनोळखी पुरुष, वय अंदाजे ३५’

आपल्या सरकारी रुग्णालयांत बेशुद्ध माणसाच्या केसपेपरवर हे असं लिहिलेलं असतं. रोजच्या दिवशी त्यात काही वावगं नाही. एखादा अनोळखी, फार तर दोन. पण एका तासात असे वीस आले तर? ‘अनोळखी पुरुष ७’ आणि ‘अनोळखी पुरुष १७’ यांच्यातला फरक घाईत पळणाऱ्या निवासी डॉक्टरच्या डोळ्याला दिसत नाही. एकाचं सीटी स्कॅन दुसऱ्याच्या नावावर चढतं. रक्तपेढीला गट जुळवण्यासाठी पाठवलेल्या नळीवर चुकीचा आकडा पडला तर परिणाम काय होतो, हे पॅथॉलॉजीच्या पहिल्या वर्षालाच शिकवतात.

बोस्टनच्या मॅरेथॉनमधल्या स्फोटांची गोष्ट यासाठी वाचण्यासारखी आहे. १५ एप्रिल २०१३. रुग्णालयांत जिवंत पोहोचलेल्यांपैकी एकही जण दगावला नाही. तिथल्या यंत्रणेचं कौतुक झालं आणि ते रास्तही होतं. तरीसुद्धा ब्रिगहॅम अँड विमेन्स रुग्णालयाच्या डॉक्टरांनी दोन वर्षांनी मोकळेपणाने लिहिलं, की आपली संगणक व्यवस्था त्या दुपारी पुरी पडली नाही. ओळख न पटलेल्या रुग्णांना नाव देण्याची रीतच गोंधळ घालत होती, कोण कुठल्या खाटेवर आहे ते पडद्यावर वेळेत दिसत नव्हतं, आणि तपासण्यांच्या नोंदी मागे पडत होत्या. त्यांनी पुढच्या मोठ्या गर्दीच्या कार्यक्रमाआधी नावं देण्याची पद्धत बदलली, जेणेकरून एकाच वेळी आलेले अनोळखी रुग्ण एकमेकांपासून स्पष्ट वेगळे दिसतील. यंत्राला एक पैसा न लावता झालेली ही सुधारणा मला या सगळ्या साहित्यातली सर्वांत मोलाची वाटते. आपल्याकडे तर ती उद्या सकाळी करता येईल. ‘अनोळखी ७’ऐवजी ‘अनोळखी आंबा’, ‘अनोळखी वड’, ‘अनोळखी गोदावरी’ असं काही. ऐकायला पोरखेळ वाटेल, पण ओटीतून ओरडून सांगितलेलं ‘वड’ आणि ‘गोदावरी’ कुणी एकमेकांत मिसळणार नाही.

ओळख पटली म्हणजे काम संपलं असंही नाही. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात २००६ मध्ये कॉलेजच्या गाडीला अपघात होऊन पाच जण मेले. वाचलेल्या एका मुलीच्या उशाशी तिचे आईवडील पाच आठवडे बसून होते, आणि मग कळलं की ही आपली मुलगी नव्हेच. आपली त्याच दिवशी गेली होती; हिच्या घरच्यांनी तिचं दफन उरकलं होतं. दोघी दिसायला सारख्या, चेहरा सुजलेला, पट्ट्या बांधलेल्या. २०१८ मध्ये कॅनडात हॉकीपटूंच्या बसला अपघात झाला तेव्हाही एका मुलाच्या जागी दुसरा मृत म्हणून नोंदला गेला. सामन्यांच्या हंगामासाठी संघातल्या पोरांनी हौसेने केस सोनेरी रंगवून घेतले होते. अशा प्रसंगी घरच्यांचा डोळा सर्वांत कच्चा साक्षीदार ठरतो. इंटरपोलची पद्धत म्हणूनच चेहऱ्यावर विसंबत नाही: बोटांचे ठसे, दात, डीएनए. जिवंतपणीची माहिती पिवळ्या अर्जावर, देहावरून मिळालेली गुलाबी अर्जावर, आणि दोन्ही जुळल्याशिवाय नाव नाही. मेलेल्यांसाठी एवढी शिस्त जगाने मान्य केली आहे. अतिदक्षता विभागात बेशुद्ध पडलेल्या माणसासाठी मात्र ‘आईने ओळखलं’ एवढं पुरतं.

बहानगा

२ जून २०२३ च्या संध्याकाळी ओडिशातल्या बालासोर जिल्ह्यात बहानगा बाजार स्थानकाजवळ कोरोमंडल एक्स्प्रेस मालगाडीवर आदळली आणि तिचे डबे बंगळुरू-हावडा गाडीच्या वाटेत गेले. त्या रात्री गावकऱ्यांनी, पोलिसांनी, डॉक्टरांनी जे केलं त्याला नमस्कारच करावा. पण माग ठेवण्याच्या दृष्टीने स्वतंत्र भारतातला हा सर्वांत शिकवणारा अपघात आहे.

पहिली गोष्ट आकड्यांची. मृतांची संख्या २८८ जाहीर झाली, मग राज्य सरकारने ती २७५ वर आणली, कारण काही देह दोनदा मोजले गेले होते. दोन दिवसांत ती पुन्हा २८८ झाली. कुणी लपवाछपवी केली असं मी म्हणत नाही. देह शाळेत, तिथून दुसऱ्या जागी, तिथून भुवनेश्वरच्या एम्समध्ये असे हलत राहिले. प्रत्येक ठिकाणी नव्याने आकडा मिळाला की एका माणसाचे दोन होतात, आणि कुणी तरी गाळला की दोनाचे शून्य.

दुसरी गोष्ट एका बापाची. तो पश्चिम बंगालमधून रुग्णवाहिका घेऊन रातोरात निघाला, कारण अपघातानंतर मुलगा फोनवर क्षीण आवाजात बोलला होता. रुग्णालयं पालथी घातली. मुलगा कुठेच नाही. शेवटी कुणी तरी शाळेतल्या तात्पुरत्या शवागाराकडे बोट दाखवलं. तिथे ओळीने ठेवलेल्या देहांत एक हात हलताना दिसला. तो त्याच्या मुलाचा होता. पोरगं वाचलं. वृत्तपत्रांनी याला चमत्कार म्हटलं. मला तो चमत्कार वाटत नाही. जिवंत माणूस मृतांच्या यादीत गेला आणि ती चूक यंत्रणेला नव्हे, बापाला सापडली.

पुढचे महिने वाट पाहण्यात गेले. ऐंशीच्या वर देह ओळखीविना एम्समध्ये थंड पेट्यांत होते. काही देहांवर एकाहून अधिक कुटुंबांनी दावा सांगितला, डीएनए जुळवावे लागले. ऑक्टोबरमध्ये, चार महिन्यांनंतर, उरलेल्या २८ बेवारस देहांवर भुवनेश्वर महापालिकेने अंत्यसंस्कार केले. बिनआरक्षित डब्यांतून मजुरीसाठी दक्षिणेकडे जाणारी माणसं. तिकिटावर नाव नाही, गावी कळवायला कुणी नाही. विमान पडलं तर प्रवाशांची यादी तरी हातात असते. जनरल डब्याची यादी कुठेच नसते. रुग्णालयातल्या नोंदीचं ओझं म्हणूनच आपल्याकडे दुप्पट आहे.

यंत्रांची पेटी

चित्र इतकं स्पष्ट असताना यंत्रवाले गप्प बसणं शक्य नव्हतं. बारकोड, क्यूआर, रेडिओ लहरींवर चालणाऱ्या चकत्या, हातात धरायचे संगणक, सगळं करून झालं आहे. पॅरिसमध्ये अग्निशमन दल आणि पोलीस बारकोडच्या पट्ट्या वापरतात. नोव्हेंबर २०१५ च्या हल्ल्यांनंतर, ज्यांत १३० जण मेले, फ्रान्सने रुग्णालयांना जोडणारी ‘सिविक’ ही देशव्यापी यादीही उभी केली. अमेरिकेत कतरिना वादळानंतर हरवलेल्यांच्या याद्या एकमेकींशी जुळाव्यात म्हणून एक सामाईक मांडणी तयार झाली. २०१० च्या हैतीच्या भूकंपात गूगलची शोधयादी तीवरच चालली. कतरिनात ५,१९२ मुलं घरच्यांपासून तुटल्याची नोंद आहे, आणि शेवटचं मूल घरी पोहोचायला पुढचा वसंत उजाडला.

या विषयावरचे लेख वाचताना एक गोष्ट जाणवते. बहुतेक एकेका घटनेच्या हकिकती आहेत, नाहीतर सरावात घेतलेल्या चाचण्या. सरावात यंत्र झकास चालतं. जखमी म्हणून झोपलेला नर्सिंगचा विद्यार्थी हात पुढे करतो, बारकोड टिपला जातो. खऱ्या रात्री हात रक्ताने माखलेला असतो, नेटवर्क गेलेलं असतं, यंत्राची बॅटरी उतरलेली असते, आणि ते वापरायला शिकलेली सिस्टर रजेवर. जे यंत्र रोज वापरात नाही ते संकटात चालत नाही, हा या साहित्यातला सर्वांत वारंवार येणारा निष्कर्ष आहे आणि तो पटण्यासाठी संशोधनाची गरजही नाही. आपल्या घरातला टॉर्च आठवावा.

उलट अमेरिकी रुग्णालयांच्या आपत्कालीन पद्धतीत २५४ क्रमांकाचा एक साधा कागदी तक्ता आहे. आकडा, नाव, कुठून आला, कुठे आहे, कुठे गेला. एवढंच. तो चालतो, पण एका अटीवर: लिहिणाऱ्याने फक्त लिहायचं. जखम बांधायची नाही, स्ट्रेचर ढकलायचं नाही, साहेबांना चहा द्यायचा नाही. कॅज्युअल्टी, क्ष-किरण, ओटी, अतिदक्षता, वॉर्ड, शवागार, आणि विसरलं जाणारं बाहेरचं फाटक, इतक्या ठिकाणी एकेक कारकून बसवला आणि दर अर्ध्या तासाने त्या तक्त्याचा फोटो एका खोलीत पोहोचला, की पुष्कळ यंत्रांचं काम झालं. सात कारकून कोणत्याही महापालिका रुग्णालयात सापडतात. त्या रात्री त्यांना हेच काम आहे हे आधी ठरलेलं नसतं, एवढंच.

खिडकीपलीकडचे

रुग्णालयाला वाटतं माग ठेवायचा तो डॉक्टरांसाठी. खरं तर त्या यादीची सर्वांत जास्त मागणी फाटकाबाहेर असते. एका जखमीमागे चार-पाच माणसं येतात, आणि उत्तर मिळत नाही तोवर ती वॉर्डावॉर्डातून हिंडत राहतात. मग ‘गर्दी आवरा’ म्हणून पोलीस बोलावले जातात. ती गर्दी माहितीच्या अभावाने झालेली असते, हे कोणी लक्षात घेत नाही.

इस्रायलने इथे सर्वांत शहाणपणाचं काम केलं आहे. दुर्घटना घडताच तिथली रुग्णालयं माहिती केंद्र उघडतात. त्यात समाजसेवक आणि मानसोपचारतज्ज्ञ बसतात, आणि ‘आदाम’ नावाच्या देशव्यापी यादीतून कोणता रुग्ण कुठल्या रुग्णालयात आहे ते बघतात. ओळख न पटलेल्यांचे फोटो आणि खुणा याच यादीत असतात. एका रुग्णालयात विचारलं की सगळ्यांची माहिती मिळते. नातेवाइकाला गावभर फिरवायचं नाही, हे तत्त्व. आपल्याकडे वैद्यकीय समाजसेवकाचं पद प्रत्येक मोठ्या रुग्णालयात आहे. त्याला या कामाला जुंपायला नवा शासन निर्णयही लागू नये.

लंडनमध्ये ७ जुलै २००५ च्या स्फोटांनंतर वेगळाच घोळ झाला. वाचलेल्यांची नावं पद्धतशीर गोळा झाली नाहीत, आणि जी होती ती वैयक्तिक माहितीच्या कायद्याचा बाऊ करून एका खात्याने दुसऱ्याला दिली नाहीत. सरकारला २००७ मध्ये खास मार्गदर्शिका काढून सांगावं लागलं, की बाबांनो, संकटात माहिती द्या, कायदा आड येत नाही. आपल्या २०२३ च्या वैयक्तिक माहितीच्या कायद्यातही वैद्यकीय आणीबाणी आणि आपत्ती यांसाठी संमतीविना माहिती वापरण्याची मुभा आहे. हे कॅज्युअल्टीच्या वैद्यकीय अधिकाऱ्यापर्यंत पोहोचलं आहे का, हा प्रश्न.

पण मुभेची दुसरी बाजूही पाहायला हवी. फ्रान्सची तीच ‘सिविक’ यादी, दहशतवादी हल्ल्यातल्या जखमींसाठी केलेली. २०१९ मध्ये पिवळ्या जाकिटांचं आंदोलन चालू असताना जखमी आंदोलकांची नावं तीत चढवली गेल्याचं उघड झालं, डॉक्टर खवळले, माहिती-संरक्षण आयोगाने चौकशी सुरू केली. उपचाराला गेलो तर सरकारच्या यादीत नाव जाईल, या भीतीने एखादा जखमी घरीच बसला तर त्या यादीने काय साधलं? मुंबईत तर नावावरून धर्म कळतो. फाटकावर चिकटवलेली यादी नातेवाइकाला उपयोगी, आणि दंगलीच्या दिवसांत दुसऱ्या कुणालाही. म्हणून माझं मत असं: यादी एकच असावी, पण भिंतीवर नसावी, विचारणाऱ्याला खिडकीत मिळावी. वाहिन्यांना तर नाहीच.

यादीचा उपयोग त्या रात्रीपुरता नसतो, हे भोपाळने दाखवलं. १९८४ च्या डिसेंबरमधल्या वायुगळतीनंतर तिथल्या हमीदिया रुग्णालयात जी माणसं ओसंडून आली, त्यांतल्या पुष्कळांच्या हाती उपचाराचा धड कागद नव्हता. पुढे भरपाईसाठी त्या रात्रीचा पुरावा मागितला गेला, तेव्हा ज्यांच्याकडे चिठ्ठी होती ते एका रांगेत आणि नव्हती ते वर्षानुवर्षं दुसऱ्या. आपल्याकडे अशा प्रत्येक जखमीची एमएलसी, म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर नोंद, होते, पोलीस जबाब घेतात; ती नोंद चुकली की वीस वर्षांनी न्यायालयात माणूस चुकतो.

आपल्याकडे काय आहे

अगदीच काही नाही असं नाही. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची सामूहिक जखमींच्या व्यवस्थेबाबतची मार्गदर्शिका २००७ पासून आहे. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ ची सेवा ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली, आणि तिच्याकडून कोणाला कुठे नेलं हे नियंत्रण कक्षाला कळू शकतं. पण ते फक्त तिच्यातून गेलेल्यांचं. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबई बंदरात नौदलाची वेगवान बोट प्रवासी बोटीवर आदळली आणि १५ जण मेले, तेव्हा वाचवलेले प्रवासी उरणकडच्या जेएनपीटी रुग्णालयापासून नौदलाच्या आणि मुंबईतल्या सरकारी रुग्णालयांपर्यंत विखुरले गेले. नौदल, बंदर, महापालिका, राज्य: चार मालक, चार याद्या.

एका रुग्णालयाच्या चार भिंतींतही माणूस हरवतो, हे जळगावने जून २०२० मध्ये पाहिलं. कोविडसाठी दाखल झालेली ८२ वर्षांची बाई बेपत्ता म्हणून नोंदली गेली आणि आठवडाभराने त्याच रुग्णालयाच्या शौचालयात तिचा मृतदेह सापडला. तिथे स्फोट नव्हता, चेंगराचेंगरी नव्हती. फक्त ‘ही खाट रिकामी का’ असं पाळीच्या सुरुवातीला विचारणारं कुणी नव्हतं.

आणि त्याच वर्षी, त्याच राज्यात, उलटंही घडलं. मुंबई महापालिकेने आपल्या २४ विभागांत वॉर रूम उघडल्या. सरकारी-खासगी सगळ्या रुग्णालयांतल्या खाटांची एक यादी झाली, खाट कुणाला द्यायची ते विभागातून ठरू लागलं, आणि माणूस कुठे आहे हे फोनवर कळू लागलं. खासगी रुग्णालयं आधी कुरकुरली, मग रुळली. म्हणजे एक शहर, एक यादी हे या शहराने करून दाखवलेलं आहे. साथ ओसरली तशी ती सवय सुटली.

अशा यादीची परीक्षा घ्यायला पुढच्या अपघाताची वाट पाहायला नको. दरवर्षी रुग्णालयांत आपत्तीचे सराव होतात. लाल रंग फासलेले विद्यार्थी स्ट्रेचरवरून येतात, घड्याळ लावून वेळ मोजली जाते, शेवटी गटफोटो निघतो. त्या नाटकात जखमी असतात, डॉक्टर असतात, पोलीस असतात, अग्निशमन दलाचे जवान असतात. आई कुणीच नसते. पुढच्या सरावात पंचवीस-तीस माणसं फक्त नातेवाईक म्हणून आणावीत. त्यांतल्या निम्म्यांचा माणूस मुद्दाम दुसऱ्याच रुग्णालयात ठेवावा. त्यांना खिडकीशी उभं करून ‘आमचा माणूस कुठे आहे?’ एवढंच विचारायला लावावं, आणि खरं उत्तर मिळायला किती मिनिटं लागली तेही लिहावं. हा आकडा ज्या सरावाच्या अहवालात नाही, तो सराव झालाच नाही असं धरावं.